दोन दिवसांची राजधानी

सहलीचा बेत ही गोष्ट आपल्याकडे गंभीरपणे घेण्याची पद्धत नाही. प्रवास झाल्यावर जे लिहिले जाते त्याला प्रवासवर्णन म्हणतात आणि ते साहित्यात जमा होते. निघण्यापूर्वी कागदावर केलेली टिपणे मात्र किराण्याच्या यादीच्या मोलाची समजली जातात: कुठे जायचे, किती वेळ थांबायचे, काय वगळायचे. काम झाले की कागद फेकून देतात. आमचे मत याहून वेगळे आहे. हाती महिनाभर असेल तर माणूस सगळेच पाहतो आणि त्याला फारसे काही ठरवावे लागत नाही. हाती दोनच दिवस असतील तर निवड करणे भाग पडते. आणि जुन्या राजधानीच्या बाबतीत अशी निवड करणे म्हणजे ती राजधानी कोणाची होती याचा निवाडा करणेच होय. निवाडा करणाऱ्याला बहुधा त्याची जाणीव नसते. म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहावेसे वाटले.

आम्ही म्हणजे लोह्यातली, वाचनाच्या ओढीने अधूनमधून एकत्र बसणारी पाच-सहा माणसे. हिवाळ्यात दोन दिवस काढून कंधार नीट पाहायचे, असे आमच्यात ठरत होते. बाहेरगावच्या वाचकाला यात काही विशेष वाटणार नाही. लोह्याच्या माणसाला मात्र हसू येईल. लोह्याहून कंधार पंधरा किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. लोहा स्वतंत्र तालुका होण्यापूर्वी तर कोर्टाच्या तारखेला, सातबाऱ्याच्या उताऱ्याला, शिक्क्याला आणि सहीला कंधारच गाठावे लागे. तालुक्याचे गाव म्हणून कंधार इथल्या जुन्या पिढीला तोंडपाठ आहे. कोणत्या चहाच्या हॉटेलात अर्ज लिहून देणारे बसत, हेही लोक सांगतील. परंतु राजधानी म्हणून कंधारला कोणी गेले आहे काय, असे विचारले तर बहुतेकांना आधी प्रश्नच समजणार नाही. आमच्याकडच्या शाळांच्या सहली रायगडाला जातात, महाबळेश्वराला जातात, अजिंठा-वेरूळला जातात. घरापासून एसटीने अर्ध्या तासावर असलेल्या गावासाठी बेत करावा लागतो, ही कल्पनाच आपल्याला परकी आहे.

हा बेत चालू असतानाच योगायोगाने दुसरा एक बेत आमच्या हाती पडला. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचा मुलगा परदेशी नोकरीला आहे. त्याला कामानिमित्त दक्षिण अमेरिकेत जाण्याचा योग होता आणि त्यातले दोन दिवस मोकळे होते. ते दोन दिवस त्याने क्विटो या शहरासाठी राखले आणि त्याचा तासवार आराखडा वडिलांना धाडला. आम्ही तो एकत्र बसून वाचला, नकाशे काढून पाहिले, मिळेल ते वाचले. त्या आराखड्याने आमच्या कंधारच्या बेताला जे वळण दिले, ते सांगण्यासारखे आहे.

क्विटो ही इक्वेडोर देशाची राजधानी. समुद्रसपाटीपासून सुमारे २८५० मीटर उंचीवर, पिचिंचा ज्वालामुखीच्या पायथ्याशी ती वसली आहे. युनेस्कोने १९७८ साली जागतिक वारशाच्या यादीत पहिली बारा स्थळे घातली, त्यांत पोलंडमधील क्राकोव्हच्या जोडीने क्विटोही होते. आराखडा शहाणपणाने केलेला होता. पहिल्या सकाळी घाई करायची नाही, कारण एवढ्या उंचीवर दम लागतो आणि डोके दुखते. सावकाश चालायचे, पाणी पीत राहायचे. मग जुन्या शहरातला मोठा चौक, त्याला लागून असलेला राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद, सान फ्रान्सिस्कोचे चर्च आणि मठ, सोन्याच्या वर्खाने मढवलेले ला कोम्पान्या चर्च. या चर्चचे काम १६०५ मध्ये सुरू झाले आणि १७६५ मध्ये संपले. दुसऱ्या दिवशी विषुववृत्ताचे स्मारक. हे स्मारक खऱ्या विषुववृत्तापासून सुमारे दोनशे चाळीस मीटर बाजूला आहे, अशी गमतीची टीपही त्याने जोडली होती. संध्याकाळी रज्जुमार्गाने डोंगरावर जाऊन शहराचे दर्शन, आणि रात्रीचे विमान.

आम्हाला आराखडा आवडला. तरी त्यात कुठेतरी काही राहून जाते आहे, असे वाटत राहिले. वाचत गेल्यावर ते सापडले. स्पॅनिशांनी क्विटोची 'स्थापना' ६ डिसेंबर १५३४ रोजी केली. परंतु त्याआधी तिथे इंकांचे मोठे नगर होते, आणि स्पॅनिश फौज येण्यापूर्वी रुमिन्यावी या इंका सेनानीने ते स्वतःच्या हाताने जाळले, शत्रूच्या हाती अखंड पडू नये म्हणून. सान फ्रान्सिस्कोचा मठ इंका राजवाड्याच्या जागेवर उभा आहे, असे परंपरेने सांगतात. त्या मठाविषयी एक लोककथाही आहे. कान्तुन्या नावाच्या मूळ रहिवासी गवंड्याने चर्चसमोरचे प्रांगण वेळेत पुरे करण्यासाठी सैतानाशी करार केला आणि शेवटचा एक दगड न बसवल्यामुळे त्याचा आत्मा वाचला. ही कथा येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला ऐकवली जाते. म्हणजे दोन दिवसांच्या बेतात स्पॅनिश शहराला चर्चे, चौक आणि तारखा मिळाल्या. ज्यांचे नगर जळाले आणि ज्यांच्या हातांनी नवे उभे राहिले, त्यांच्या वाट्याला एक सुरस गोष्ट आली. आराखडा करणाऱ्याचा यात काही दोष नाही. पाहण्यासारखे जे उभे आहे तेच त्याने निवडले. पण उभे काय राहते हे ज्याने ठरवले त्याचाच निवाडा प्रवासी नकळत पुढे चालवतो, एवढे मात्र आमच्या ध्यानात आले.

त्यानंतर आम्ही आमच्या बेताकडे पुन्हा पाहिले, तेव्हा वाद सुरू झाला. तो वाद हाच या लेखाचा खरा विषय आहे.

आधी कंधारविषयी थोडक्यात. मन्याड नदीच्या काठचे हे गाव राष्ट्रकूटांशी जोडलेले आहे. तिसरा कृष्ण (इ. स. ९३९ ते ९६७) हा त्या घराण्याचा शेवटचा प्रबळ राजा. त्याला 'कंधारपुरवराधीश्वर' असे बिरुद होते आणि इथला किल्लाही त्याचाच मानला जातो. कृष्ण या नावाची 'कन्नर', 'कंधार' अशी रूपे जुन्या दक्षिणेत प्रचलित होती. पुढे देवगिरीच्या यादवांतल्या कृष्णालाही कन्हर, कंधार म्हटलेले आढळते. त्यामुळे गावाचे नाव राजावरून आले असावे, हे मत सहज पटते. याच राजाने ९४९ साली तक्कोलमच्या लढाईत चोळांचा पराभव केला. चोळ युवराज राजादित्य त्या लढाईत हत्तीवर मारला गेला. कंधारला सापडलेल्या शिलालेखातून देवालयांना दिलेल्या दानांची, क्षेत्रपालाची आणि 'जगत्तुंगसमुद्र' या तलावाची माहिती मिळते. 'जगत्तुंग' हे राष्ट्रकूटांच्या घराण्यात चालत आलेले बिरुद. तिसऱ्या गोविंदाचे ते प्रसिद्ध आहे. तलाव आजही जगत्तुंग सागर या नावानेच ओळखला जातो. हजार वर्षांत राजे गेले, भाषा बदलल्या, राज्यांच्या सीमा कितीदा फिरल्या, आणि तलावाचे नाव मात्र लोकांच्या तोंडी टिकून राहिले.

इथे एक प्रामाणिक शंका उपस्थित केली पाहिजे. राष्ट्रकूटांची मुख्य राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे कर्नाटकातले मळखेड. नवव्या शतकात अरब व्यापारी सुलेमान याच्या नावावर असलेल्या वृत्तांतात 'बल्हरा', म्हणजे राष्ट्रकूट राजा, जगातल्या चार थोर राजांत गणला आहे. दहाव्या शतकातला अल-मसूदी त्याच्या राजधानीला 'मानकीर' म्हणतो. तेव्हा कंधारला राजधानी म्हणावे काय? अमुक पुराचे अधीश्वर असे बिरुद पुष्कळदा मूळ गावाच्या अभिमानाने धारण केले जाई. राष्ट्रकूट स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत, म्हणून लातूर त्यांची राजधानी ठरत नाही. कंधारला कोणी उपराजधानी म्हणतात, कोणी दुसरी राजधानी. आम्हाला या शब्दावर अडून बसायचे नाही. ज्या गावात राजाने समुद्र म्हणावा असा तलाव होता, जिथे देवळांना दाने लिहून दिली जात होती आणि जिथे शिवेचा राखणदार म्हणून पन्नास फुटांच्या आसपासचा देव उभा केला होता असे अनुमान सांगतात, त्या गावाला राजधानीच्या इतमामाने पाहणे चुकीचे होणार नाही.

आता वाद. आमच्यातल्या एकांचे म्हणणे असे की, बेत राष्ट्रकूटांपुरता ठेवावा. जगत्तुंग सागर, क्षेत्रपालाचे अवशेष, किल्ल्यात एकत्र ठेवलेल्या जुन्या मूर्ती, एवढे पाहिले की राजधानी पाहिली. बाकी सारे नंतरचे. वेळ थोडा असताना नंतरच्यावर तो का घालवावा? वरवर हे म्हणणे बिनतोड वाटते. परंतु कंधारचा किल्ला ज्या रूपात आज उभा आहे, ते रूप बव्हंशी नंतरचेच आहे. भोवतालचा रुंद खंदक, दुहेरी तट, वळणे घेत जाणारा दरवाजांचा मार्ग, तोफा पेलणारे बुरूज, लाल महाल आणि त्यातला हौद, मशीद: या साऱ्यावर बहमनी, निजामशाही आणि मोगल अमलांचा हात फिरलेला आहे. मराठ्यांच्या इतिहासाचे वाचक मलिक अंबरला ओळखतात. निजामशाहीच्या अखेरच्या झुंजीत हा किल्ला महत्त्वाचा होता. १६३१ साली शाहजहानच्या नासिरी खान या सरदाराने वेढा घालून तो घेतला. दख्खनमध्ये तेव्हा भीषण दुष्काळ होता. त्याच शाहजहानला अफगाणिस्तानातले कंदाहार १६३८ मध्ये मिळाले, आणि फारसी लिपीत दोन्ही नावे सारखीच लिहिली जात असल्यामुळे आमच्या कंधारला 'दख्खनचे कंधार' असे विशेषण लावून ओळखावे लागे. पुढे आसफजाही आली, आणि १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत हा मुलूख निजामाचा होता. हे सगळे 'नंतरचे' म्हणून वजा केले तर राजधानीला तटही उरत नाही, दरवाजाही उरत नाही.

आणि मूळ म्हणून ज्याला कवटाळायचे ते तरी इतके सरळ कुठे आहे? राष्ट्रकूट राजा आपला, असे आपण सहज म्हणतो. अमोघवर्षाच्या दरबारातला 'कविराजमार्ग' हा कन्नडमधला आद्य उपलब्ध ग्रंथ; त्यात कन्नड देशाची सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. त्या हिशेबाने गोदावरीच्या दक्षिणेला असलेले कंधार आणि लोहाही त्या सीमेच्या आतच येतात. तिसऱ्या कृष्णाच्या काळी त्याचा मंत्री भरत याच्या आश्रयाने पुष्पदंताने मान्यखेटात 'महापुराण' रचले ते अपभ्रंशात. मराठी, कन्नड, अपभ्रंश, संस्कृत; शैव, जैन; यांतले एकच सूत उपसून ते आपले म्हणता येईल असा तो काळ नव्हता. किल्ल्यातल्या मूर्तींत जैन मूर्तीही आहेत. 'केवळ मूळ' पाहायला निघालेल्या माणसाला पहिल्या तासातच मूळ म्हणजे अनेक मुळे, हे कळून येईल.

दुसऱ्या एका मित्राचे म्हणणे अगदी उलट टोकाचे होते. शिलालेख, दाने, बिरुदे हा अभ्यासकांचा विषय. सहलीला गेलेल्या माणसाने किल्ला पाहावा. मछली दरवाजावरचे मासे पाहावेत, बुरुजावर चढावे, मुलांना तोफ दाखवावी, फोटो काढावेत. दोन तासांत उरकते, दोन दिवस कशाला? या म्हणण्यात तथ्य आहे आणि आम्ही त्याला हसण्यावारी नेले नाही. प्रवासातला डोळ्यांचा आनंद कमी लेखणारा माणूस बेत करण्यास नालायकच म्हणावा. पण किल्ला म्हणजे राजधानी नव्हे. किल्ल्यात सत्ता राहते. राजधानीत सत्तेबरोबर पाणी आणणारे, दगड घडवणारे, पूजा करणारे, बाजार भरवणारे आणि दूरदेशीहून येणारे सगळेच राहतात. केवळ किल्ला पाहून परतणारा माणूस बंदोबस्त पाहून येतो. वस्ती त्याला दिसत नाही.

तिसरे म्हणणे सर्वांत कठीण होते, कारण ते निराशेतून आलेले होते. कंधारला पाहण्यासारखे उरले आहे काय? क्षेत्रपालाच्या पावलाचे आणि अवयवांचे तुकडे. पडझड झालेले वाडे. पावसाळ्यानंतर वाढलेले गवत. त्यापेक्षा बिदरला जावे, हंपीला जावे, जिथे राजधानी राजधानीसारखी दिसते. याला उत्तर देताना आम्हाला पुन्हा क्विटोची आठवण झाली. त्या शहराचे जुने केंद्र जपण्यासाठी १९८७ च्या भूकंपानंतर खास निधी उभारण्यात आला आणि काम चांगले झाले. पण २००३ साली त्याच जुन्या शहराच्या रस्त्यांवरून हजारो फेरीवाले हलवून बंदिस्त बाजारांत नेण्यात आले. त्यांना तिथे डोक्यावर छप्पर मिळाले आणि रस्ते चालण्याजोगे झाले, हे खरे. पण ज्यांच्या आरोळ्यांनी ते रस्ते जागे होत ती माणसे प्रवाशाच्या चौकटीबाहेर गेली, हेही खरे. प्रवाशासाठी नीटनेटकी केलेली राजधानी आणि जिच्यात माणसे अजून आपापल्या कामांत आहेत अशी राजधानी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंधार दुसऱ्या प्रकारात मोडते. तिथे इतिहास राखला गेला नाही याचे दुःख आहेच. तरी तिथल्या लोकांचे जगणे कोणी पडद्यामागे ढकललेले नाही. पाहण्यासारखे काय उरले, या प्रश्नाचे उत्तर पाहणाऱ्याच्या तयारीवर अवलंबून असते. तुकड्यातले पाऊल पाहून उभ्या देवाची उंची मनात मोजता येते. पण ती मोजायला वेळ ठेवावा लागतो, आणि तो बेतात आधीच धरावा लागतो.

म्हणून या तिन्ही म्हणण्यांना वळसा घालून आमचा बेत जिथे आला ते सांगतो. आम्ही राजघराण्यांचा क्रम सोडला आणि पाण्याचा धरला. कंधारमध्ये प्रत्येक अमलाने पाण्यापाशी काहीतरी केले आहे. राष्ट्रकूटांचा तलाव आहे. किल्ल्याचा खंदक आहे. महालातला हौद आहे. आणि या सगळ्यांच्या आधीची व नंतरची मन्याड नदी आहे. पाण्याच्या कडेने चालत गेले की कोणताच काळ वगळावा लागत नाही आणि कोणालाच मूळ व कोणालाच उपरा ठरवावे लागत नाही.

पहिल्या दिवशी भल्या सकाळी लोह्याहून निघून आधी जगत्तुंग सागर. इथे दोन तास, आणि त्यात पाहण्याची यादी करायची नाही. काठाने फिरायचे, कपडे धुणाऱ्यांशी, म्हशी धुणाऱ्यांशी बोलायचे. उन्हे चढण्यापूर्वी किल्ल्यात शिरायचे. दरवाजांची वळणे सावकाश ओलांडायची, कारण शत्रूचा वेग मोडण्यासाठीच ती बांधली आहेत, आणि तोच नियम प्रवाशालाही लावून घ्यायला हरकत नाही. आत एकत्र ठेवलेल्या मूर्तींपाशी सर्वांत जास्त वेळ राखायचा. दुपार विश्रांतीची, डब्यात भाकरी आणि ठेचा, हंगाम असेल तर हुरडा. दुपारनंतर हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा. 'सय्याह' म्हणजे प्रवासी, भ्रमंती करणारा. राजधानीच्या गावात ज्याच्या नावातच प्रवास आहे अशा माणसाची कबर श्रद्धेचे स्थान व्हावी, आणि तिथे सर्व जातीधर्मांच्या माणसांनी नवस बोलावेत, हे कोणत्याही शिलालेखाइतकेच राजधानीचे लक्षण आहे. ज्या गावाला दूरचा पाहुणा आपलासा करता येतो, त्या गावाला राजधानी होता येते. आमच्या पहिल्या कच्च्या बेतात हा दर्गा नव्हता. तो कोणी मुद्दाम वगळला नव्हता. तो कोणाला सुचलाच नव्हता. क्विटोच्या आराखड्यात जे राहून गेले तेच आमच्याही कागदावर राहून जात होते, आणि तेही स्वतःच्या दारात.

दुसरा दिवस क्षेत्रपालाचा आणि नदीचा. भग्न मूर्तीचे जे तुकडे आहेत ते पाहून मन्याडच्या काठाने बहाद्दरपुऱ्यापर्यंत जायचे. क्षेत्रपाल हा शिवेचा राखणदार, भैरवाच्या कुळातला देव. लोह्याच्या माणसाला या देवाचे एक नाते चटकन आठवले पाहिजे. माळेगावचा खंडोबा हा मार्तंडभैरव. मार्गशीर्ष वद्यातली त्याची यात्रा, तिथला घोड्यांचा, उंटांचा, गाढवांचा बाजार, आणि देशभरातून तिथे येणारे भटके समाज हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. राजाने उभा केलेला पन्नास फुटी भैरव कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. धनगरांनी आणि भटक्यांनी सांभाळलेला त्याचा भाऊबंद आजही तालुक्यातली सर्वांत मोठी गर्दी जमवतो. आम्ही हे दोन्ही एकाच बेतात घेतले. परतताना वाट थोडी वाकडी करून माळेगावला टेकायचे आणि मग घर. ऐन यात्रेचे दिवस मात्र टाळावेत, नाहीतर रस्त्यावरच दिवस जाईल.

दूरहून येऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन शब्द. नांदेडपर्यंत रेल्वे आहे. तिथे गुरुद्वाऱ्यामुळे उतरण्याची सोय सर्व प्रकारची आहे. नांदेडहून लोह्याला नागपूर-तुळजापूर महामार्गाने येता येते आणि लोह्याहून कंधारला फाटा आहे. हिवाळाच धरावा; वैशाखात इथे पारा चाळिसाच्या वर असतो आणि दगडी तटावर पाय ठेववत नाही. गवतातून चालायचे असल्याने बंद बूट घालावेत. प्यायचे पाणी बरोबर ठेवावे. अ. स. आळतेकरांचा राष्ट्रकूटांवरचा इंग्रजी ग्रंथ १९३४ साली निघाला. तो मिळाल्यास येण्यापूर्वी त्यातली निदान तिसऱ्या कृष्णाची पाने वाचून यावीत. आणि गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसासाठी एक तास मोकळा ठेवावा. तो भेटला नाही तरी तास वाया जात नाही.

कोणी म्हणेल, पाच-सहा माणसांच्या सहलीचा एवढा ऊहापोह कशाला? आमचे उत्तर असे. आज ना उद्या कंधारसाठी कोणीतरी बेत करणारच आहे. महामार्ग झाला आहे; कधीतरी पर्यटनाचा फलक लागेल, माहितीपत्रक निघेल, अर्ध्या दिवसाच्या सहलीत कंधार घातले जाईल. त्या पत्रकात चार ओळींपुरतीच जागा असेल, आणि त्या चार ओळींत कोण येईल व कोण गळेल हे कोणीतरी घाईत ठरवील. त्या घाईतून कधी राष्ट्रकूट उरतील आणि दर्गा गळेल. कधी किल्ला उरेल आणि तलाव गळेल. कधी सगळेच उरेल आणि काठावर म्हशी धुणारा माणूस तेवढा गळेल. एकदा छापले गेले की तेच खरे होते. पुढे शाळेतली मुलेही तेच पाठ करतात. क्विटोला हे घडून पाचशे वर्षे होत आली, आणि अजून तिथला प्रवासी १५३४ पासूनच मोजायला लागतो.

ते टाळायचे असेल तर पहिला बेत शेजारच्यांनी करावा. ज्याला गावातला चहावाला माहीत आहे, उरुसाचे आणि यात्रेचे दिवस माहीत आहेत, कोणत्या महिन्यात तलाव कुठवर येतो हे माहीत आहे, त्याने आपला कागद आधी लिहून ठेवावा. तो परिपूर्ण नसेल. दोन दिवसांत कोणतीही राजधानी पुरी होत नाही. पण काय सोडले आणि का सोडले हे त्यावर लिहिलेले असावे. आमच्या कागदाच्या तळाशी अशी एक छोटी यादी आहे: राहून गेलेले. बारूळचे धरण, लिंबोटीचे धरण, गावातले मठ, जुनी लिखाणे जपून ठेवणारी घरे. पुढच्या हिवाळ्याचा बेत त्या यादीपासून सुरू करायचा आहे.